१०८, फायर, ११२ वाल्यांनी आपसात बोलायची सोय करायची म्हणतोय, पण बोललेलं बाहेर जाणार नाही याची व्यवस्था कशी लावायची?

निपाणी_ईएमटी

नमस्कार मंडळी. मी १०८ ॲम्ब्युलन्सवर ईएमटी आहे, म्हणजे गाडीत पेशंटला बघणारा, निपाणी-संकेश्वर पट्ट्यात. हायवे, तवंदी घाट आणि सीझन लागला की उसाचे ट्रॅक्टर, एवढं सांगितलं तरी इकडच्या माणसाला आमच्या केसेस कशा असतात ते कळेल.

विषय असा की आमच्यातल्या काही जणांच्या डोक्यात एक सोय करायचं चाललंय, त्यात फायरचे दोघं आहेत आणि पोलिसांच्या ११२ च्या गाडीवरचा एक. वाईट केस झाली की त्या माणसाला एक-दोन दिवसात आपल्यातल्याच कुणीतरी फोन करायचा, चहाला बोलवायचं आणि तो बोलला तर ऐकून घ्यायचं. डॉक्टरकी करायची नाही, उपदेश द्यायचा नाही. परदेशात फायर-ॲम्ब्युलन्सवाल्यांसाठी असं रीतसर चालतं म्हणून वाचलंय, पिअर सपोर्ट म्हणतात.

का वाटलं ते सांगतो. मागच्या सीझनला रात्रीची केस. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, मागं रिफ्लेक्टर नाही, लाइट नाही, मोटरसायकल मागून आत घुसलेली, बाप-लेक. लेकाला उचललं तेव्हा नाडी लागत होती. गाडीत गेली. दवाखान्यापर्यंत मी सीपीआर, म्हणजे छाती दाबणं, सोडलं नाही पण उपयोग झाला नाही. हँडओव्हर करून मागच्या नळावर स्ट्रेचर धुवायला काढलं. पायलट मामा, म्हणजे आमचे ड्रायव्हर, नेहमी दुसरं टोक धरतात, त्या रात्री ते गाडीतनं उतरलेच नाहीत. किल्ली काढून हातात घेतलेली आणि तिची चेन बोटाला गुंडाळायची, सोडायची, परत गुंडाळायची. मी हायपो (जंतुनाशक) मारून पुसून होतंय तोवर पुढचा कॉल आला, मामा "चला" म्हणाले आणि आम्ही निघालो. त्या केसबद्दल आजतागायत आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही. मामींकडनं कळलं की रात्री दोन-अडीचला उठून परड्यात फेऱ्या मारत असतात.

मामांना मी काय विचारणार, मलाच काय बोलायचं ते सुचत नव्हतं. आणि समजा विचारलं, ते मोकळे झाले, आणि हे पुढं कुणाला तरी कळलं तर? आम्ही सगळे एजन्सीच्या करारावर. "याला टेन्शनचा त्रास आहे, गाडीवर ठेवू नका" एवढं एक वाक्य वर गेलं की संपलं. फायर आणि पोलिसवाल्यांची नोकरी पक्की असली तरी त्यांना सर्व्हिस रेकॉर्डची भीती आहे. गाव लहान, मानसोपचाराच्या दवाखान्याबाहेर गाडी उभी दिसली तरी संध्याकाळपर्यंत चार जण विचारतात.

तर विचारायचं हे की गुप्त ठेवायचं म्हणजे नेमकं काय काय करायचं? वहीत नोंद ठेवायची का, व्हॉट्सॲप ग्रुप चालेल का, ऐकणारा माणूस कसा निवडायचा, साहेबांना सांगून करायचं की न सांगता, उद्या एखाद्या केसची चौकशी लागली आणि ऐकणाऱ्यालाच बोलावलं तर तो काय करणार? कुणी असलं काही चालवलंय का? नुसतं पुस्तकातलं माहीत असलं तरी सांगा, आमच्याकडं तेही नाही.

बेळगावचा_जुना_फायरमन

भावा, पहिल्यांदा तू हे विचारलास म्हणून बरं वाटलं. मी फायरमधनं रिटायर झालेला माणूस. आमच्या वेळी ही सोय म्हणजे ड्युटी संपल्यावर बसायचं आणि प्यायचं, बोलायचं ते त्याच्यात. त्यातनं काही जण सुटले नाहीत, मी नावं घेत नाही.

तू पायलटचं लिहिलास ते मला लगेच समजलं. २०१७ च्या एप्रिलमध्ये अथणी तालुक्यात झुंजरवाडला बोअरवेलमध्ये लहान मुलगी पडलेली, दोन दिवसांवर काम चाललं आणि ती वाचली नाही, सगळ्या कर्नाटकानं टीव्हीवर बघितलंय ते. मी तिथं नव्हतो. पण तिथं जाऊन आलेल्या एकाबरोबर नंतर ड्युटी केली. हा माणूस कॉलवरनं परत येताना शेतात कुठं उघडं केसिंग दिसलं की गाडी थांबवायला लावायचा, उतरून त्याच्यावर दगड ठेवायचा, पोतं मिळालं तर पोतं बांधायचा. आम्ही काही म्हणत नव्हतो, थांबायचो. आज वाटतंय त्यावेळी कुणीतरी त्याला बाजूला घेऊन नीट ऐकायला पाहिजे होतं. २०१९ च्या पुरात तर बघायलाच नको, रामदुर्ग, गोकाक, इकडं यमगर्णीला वेदगंगेचं पाणी हायवेवर, जिकडं तिकडं बोटी. लोकांना काढताना आपल्याला काही वाटत नाही, पाणी उतरल्यावर वाटायला लागतंय.

आता तुझ्या प्रश्नाचं. माझं मत स्पष्ट आहे, ऐकणारा आपल्या ठाण्यातला नको. निपाणीवाल्यानं खानापूरवाल्याशी बोलावं, गोकाकवाल्यानं बेळगाववाल्याशी. सकाळी ज्याच्याबरोबर गाडी धुवायची आहे त्याच्यासमोर माणूस रात्री मन उघडं करत नाही, आणि केलं तर दुसऱ्या दिवशी त्याची नजर चुकवतो.

व्हॉट्सॲप ग्रुप अजिबात नको. स्क्रीनशॉट एक सेकंदात निघतोय, फोन घरात पडलेला असतो, पोरं बघतात, आणि मेसेज आपोआप गायब व्हायचं सेटिंग लावलं म्हणून कुणी फोटो काढायचा थांबत नाही. मेसेजमध्ये फक्त "उद्या चहाला येतोस काय" एवढंच. केसचं नाव नाही, जागा नाही, काहीच नाही.

माणूस निवडायचा कसा त्याची एक पद्धत सांगतो. प्रत्येक ठाण्यात एकेक चिठ्ठी द्या, नाव न घालता लिहायला लावा की तुझ्यावर वाईट वेळ आली तर तू कुणाला सांगशील. जी नावं परत परत येतील ती तुमची माणसं. बहुतेक वेळा तो फार बोलका माणूस नसतो. भाषण करणारा तर नसतोच.

आणि हॉलमध्ये सगळ्यांना बसवून करायचं असलं काही करू नका. एके ठिकाणी, ठिकाणाचं नाव नको, मोठ्या दुर्घटनेनंतर आम्हाला बसवलेलं. हजेरीचा कागद फिरला, फोटो काढले, साहेब पहिल्या रांगेत, आणि बाहेरून आलेला माणूस विचारतोय कुणाला त्रास होतोय त्यांनी हात वर करा. एका पोराच्या डोळ्यात पाणी आलं. पुढच्या आठवड्यात त्याला गाडीवरनं काढून फोनवर बसवला. काळजीनं केलं असेल, मी नाही म्हणत नाही, पण त्यानंतर आमच्यातलं कुणी तोंड उघडलं नाही ते नाहीच.

धारवाड_सोशलवर्कर

मी सायकियाट्रिक सोशल वर्कर आहे, शिक्षण आणि बरंचसं काम धारवाडला, माहेर हुक्केरी तालुक्यातलं. दादा, तुमचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वरच्या काकांनी हॉलचं सांगितलं त्याला अभ्यासाचाही आधार आहे. १९८३ मध्ये अमेरिकेत जेफ्री मिचेल यांनी एक पद्धत मांडली, घटना झाली की काही दिवसांत सगळ्या टीमला एकत्र बसवून प्रत्येकानं काय पाहिलं, काय वाटलं ते क्रमानं बोलायचं. डीब्रीफिंग म्हणतात त्याला. ते फायर-ॲम्ब्युलन्समध्ये जगभर पसरलं. नंतर आघातानंतरच्या एकाच बैठकीच्या डीब्रीफिंगवरचे अभ्यास एकत्र करून बघितले गेले, २००२ चा कॉक्रेन आढावा आहे, त्यात असं दिसलं की अशा एका बैठकीनं पुढचा पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर दीर्घकाळ राहणारा मानसिक त्रास, टळत नाही आणि काही जणांना उलट त्रास होऊ शकतो. ज्याचं मन अजून तयार नाही त्याला तपशीलात परत नेणं हे त्याच्यासाठी चांगलं नाही. म्हणून आता भर कशावर, तर सायकॉलॉजिकल फर्स्ट एडवर. डब्ल्यूएचओचं २०११ चं मार्गदर्शक आहे, त्याचा गाभा तीन गोष्टी: बघा, ऐका, जोडून द्या. म्हणजे माणूस जेवला का, झोपला का, घरी सुखरूप पोचला का ते बघायचं, बोलला तर ऐकायचं, नाही बोलला तर गप्प बसायचं, आणि गरज दिसली तर योग्य माणसाकडं पोचवायचं. खोदून विचारायचं नाही.

ब्रिटनमध्ये रॉयल मरीन्समधून आलेली ट्रिम नावाची पद्धत आहे. त्यात ट्रेनिंग घेतलेला सहकारीच साधारण तीन दिवसांनी भेटतो आणि पुन्हा महिन्याभरानं भेटतो. हे दुसरं भेटणं मला फार मोलाचं वाटतं. पहिल्या आठवड्यात झोप न येणं, तेच दृश्य डोळ्यासमोर येणं, चिडचिड, हे बहुतेकांना होतं आणि हळूहळू निवळतं. महिना उलटूनही तसंच असेल, माणूस त्या रस्त्यानं जायचं टाळत असेल, दचकत असेल, पिणं वाढलं असेल, तर मग ते चहावर सोडवायचं काम राहत नाही. तुमच्या मामांना सीझनपासून आजपर्यंत हे चालू आहे. त्यांना तज्ज्ञाला दाखवलं पाहिजे, आणि ते तुम्ही त्यांच्याबरोबर जाऊन करू शकता.

२०१२ मध्ये १७ देशांतल्या ९२ जाणकारांकडून मतं घेऊन पिअर सपोर्टबद्दल काय करावं याचं एकमत काढलेलं आहे. त्यातलं तुमच्या कामाचं म्हणजे ऐकणाऱ्याला आधी ट्रेनिंग हवं, त्याच्या पाठीशी एक मानसोपचार क्षेत्रातला माणूस हवा ज्याच्याशी तो स्वतः बोलू शकेल, त्यानं एकाच माणसाची केस महिनोन्‌महिने चालवत बसू नये, आणि ही सोय फक्त मोठ्या अपघातानंतर नव्हे तर रोजच्या ताणासाठीही असावी.

आता गुप्ततेचं, आणि इथं मला कडक बोलावं लागतंय. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम २३ आहे, रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचं. पण ते बंधन उपचार देणाऱ्यांवर आहे. तुमच्यातला ऐकणारा त्यात बसत नाही. वकील आणि अशील, नवरा आणि बायको यांच्यातल्या बोलण्याला पुराव्याच्या कायद्यात जसं संरक्षण आहे तसं सहकाऱ्याशी झालेल्या बोलण्याला आपल्याकडं नाही. अमेरिकेत २०२१ मध्ये फेडरल पोलिसांच्या पिअर सपोर्टसाठी गुप्ततेचा वेगळा कायदाच केला, आपल्याकडं तसं काही नाही. त्यामुळं चौकशीत बोलावलं आणि विचारलं तर ऐकणाऱ्याला खोटं बोलता येणार नाही.

म्हणून उपाय एकच, जे सांगायला लागू नये ते विचारायचंच नाही. किती वाजता पोचलात, ऑक्सिजन होता का, चूक कुणाची, हे ऐकणाऱ्यानं विचारायचं नाही आणि समोरचा तिकडं वळला तर हळूच थांबवायचं. "ते राहू दे, तुला झोप लागते का सांग." केसचा हिशोब वेगळा, माणसाची अवस्था वेगळी. नोंद ठेवायची नाही, नाव तर नाहीच. फार तर या महिन्यात किती जणांशी बोललो एवढा आकडा.

आणि बसल्या बसल्या पहिल्यांदा सांगून टाकायचं की कुठल्या गोष्टी मी पोटात ठेवू शकणार नाही. जीव द्यायचा विचार किंवा दुसऱ्याचा जीव घ्यायचा विचार असेल तर मी मदत बोलावणार. लहान मुलावर लैंगिक अत्याचाराची गोष्ट कळली तर पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे कुणालाही कळवावंच लागतं. गंभीर गुन्हा कबूल केला तर मी तो दडवून ठेवीन असं मी म्हणू शकत नाही. हे ऐकून माणसं बिचकतील असं वाटतं, पण माझा अनुभव उलटा आहे, सीमा कुठं आहे ते कळलं की माणूस जास्त निर्धास्तपणे बोलतो. "काहीही सांग, कुणाला सांगणार नाही" असं सरसकट वचन देऊ नका. ते एकदा मोडलं की सगळ्या जिल्ह्यात तुमच्या सोयीचं नाव जाईल.

११२_चिकोडी_साईड

वाचतोय सगळं. मी खात्यातला आहे म्हणून जपून लिहितो.

मॅडमचं पटलं, पण एक गोष्ट राहिली. साहेबांना न सांगता हे चालणार नाही. शिस्तीच्या खात्यात चार माणसं गुपचूप भेटतात म्हटलं की युनियन काढताय का म्हणून पहिला संशय येतो, मग चौकशी, मग नावं. त्यापेक्षा एक पानाचं पत्र द्या. असली सोय आहे, ड्युटीच्या वेळेबाहेर आहे, कुणी भेटलं त्याची नावं कुणालाही दिली जाणार नाहीत आणि मागू नयेत. साहेबांनी त्यावर फक्त पाहिलं म्हणून सही केली तरी पुष्कळ. साहेब बदलतात, कागद राहतो. पुढचा साहेब विचारेल तेव्हा दाखवायला काहीतरी पाहिजे.

दुसरं, रँक. ज्याच्या हातात दुसऱ्याची रजा, ड्युटी चार्ट किंवा गोपनीय अहवाल आहे तो ऐकणारा होऊ शकत नाही, किती का चांगला असेना. आमच्यात हेड कॉन्स्टेबल आपल्या हाताखालच्या पोराला "काय झालंय सांग" म्हणाला तर ते पोरगं "काही नाही सर" म्हणणार. सगळीकडं तेच. १०८ मध्ये पण सुपरवायझरला लांब ठेवा.

तिसरं, आमच्याकडं काही ड्युट्यांवर हत्यार असतं. ज्याच्या हातात हत्यार आहे तो मरायच्या गोष्टी बोलला तर गुप्तता तिथंच संपली, त्याच मिनिटाला हत्यार बाजूला झालं पाहिजे. हे आधीच ठरवून ठेवा की अशा वेळी फोन कुणाला करायचा, एक नाव, एक नंबर. त्यावेळी विचार करत बसायला वेळ नसतो.

खानापूर_सिस्टर

सगळे दादा-काका बोलले, आता बायकांचं पण ऐका. मी पण १०८ वर ईएमटी आहे, खानापूर, जांबोटी, कणकुंबी साईड. नर्सिंग करून आले.

चहाला बोलवायचं म्हणता, कट्ट्यावर बसून बोलायचं म्हणता, आम्ही रात्री आठला ड्युटी संपवून कुठल्या कट्ट्यावर बसणार वो? आणि घरी फोन केलात तर सासूबाई उचलणार, कोण बोलतोय, कशाला बोलतोय. आमच्यासाठी ऐकणारी बाईच पाहिजे आणि वेळ पण ड्युटीच्या आधी किंवा मधल्या वेळेतली पाहिजे, हे पहिल्या दिवसापासून धरा, नंतर जोडू म्हणाल तर ते कधी होत नाही.

आमच्या केसेस वेगळ्या असतात. गाडीत बाळंतपण. कणकुंबीहून येताना पावसात रस्ता असा, नेटवर्क नाही, डॉक्टरना विचारायला फोन लागत नाही, आणि बाळ रडलं नाही तर तुम्ही आणि ती आई आणि तिची आई, एवढ्याच चार भिंतीत. एकदा एक बाळ गेलं. आजीबाईनं बाळाला आपल्या पदरात गुंडाळून घेतलं आणि मला म्हणाली "तू रडू नको बाय, तू केलंस तेवढं." माझा हात धरून बसली दवाखाना येईपर्यंत. मी तिला धीर द्यायचा तर ती मला देत होती. हे मी घरात सांगितलं नाही, माझं स्वतःचं लहान होतं त्यावेळी, घरच्यांनी नोकरी सोड म्हटलं असतं. शेवटी एका सीनियर सिस्टरला सांगितलं, तिनं काहीच सल्ला दिला नाही, म्हणाली माझ्या पण गाडीत झालंय. मला तेवढंच पाहिजे होतं. त्या रात्री झोप लागली.

भाषेचं पण बघा. माझा पायलट कन्नड बोलणारा, बैलहोंगल साईडचा, मराठी समजतं त्याला, ड्युटीचं सगळं बोलतो. पण घरचं, मनातलं काय बोलायचं झालं की कन्नडवर जातो. ऐकणारे दोन्ही भाषांचे ठेवा. बाहेर सीमेवरनं काय चालायचं ते चालू दे, स्ट्रेचरचं एक टोक त्याच्या हातात आणि एक माझ्या.

आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर सगळ्यांनी सेव्ह करून ठेवा, फुकट आहे, चोवीस तास, मराठी कन्नड दोन्ही भाषा आहेत. ज्याला ओळखीच्या माणसाशी बोलायचंच नाही त्याच्यासाठी ते बरं.

न्यूजर्सीत_बेळगावकर

इकडचं थोडं सांगतो, उपयोग झाला तर बघा. आमच्या राज्यात २००० सालापासून पोलिसांसाठी एक हेल्पलाइन आहे, कॉप टू कॉप नावाची, फोन उचलणारे बरेचसे रिटायर पोलीस. रिटायर माणसाचा फायदा असा की काम त्याला आतून माहीत असतं पण कुणाची बदली, बढती त्याच्या हातात नसते आणि त्यालाही कुणाची भीती नसते. न्यूयॉर्कच्या फायर डिपार्टमेंटचं स्वतःचं समुपदेशन युनिट आहे, ९/११ ला त्यांचे ३४३ जण गेले त्यानंतर त्याचा फार विस्तार झाला आणि त्यातही सहकारीच सहकाऱ्यांना भेटायला ठाण्यात जायचे. वरचे जुने फायरमन काका आहेत तसे चार-पाच रिटायर लोक बेळगाव, खानापूर, निपाणीत नक्की असतील. सुरुवात त्यांच्यापासून करा असं मला वाटतं, नोकरीतल्या माणसाला त्यांच्याशी बोलताना कमी धोका.

निपाणी_ईएमटी

सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर, तुमचं वाचून थांबलो थोडा वेळ. बाई ऐकणारी पहिल्यापासूनच, हे ठरलं.

धारवाडच्या ताई, अजून दोन विचारतो. रात्री कुणी फोन करून म्हणालं की जगायचं नाही, तर आपण नेमकं काय करायचं? आम्ही रोज विष घेतलेले पेशंट उचलतो, पण आपलाच माणूस असला तर हात चालणार नाहीत अशी भीती वाटते. आणि पोलीस केस होईल म्हणून लोक लपवतात त्याचं काय? दुसरं, डॉक्टरकडं न्यायचं तर कुठं न्यायचं, ओळखीचं कुणी भेटणार नाही असं?

धारवाड_सोशलवर्कर

दादा, सरळ विचारायचं. "जीव द्यायचा विचार येतोय का?" असंच, याच शब्दात. विचारल्यानं डोक्यात तो विचार घुसतो हा गैरसमज आहे, उलट माणसाला सुटल्यासारखं वाटतं. हो म्हणाला तर पुढचा प्रश्न, कसं करायचं ठरवलंय, जवळ काय आहे, आत्ता कुठं आहेस. मग त्याला एकटं सोडायचं नाही. आपल्याकडं घराघरात फवारणीचं औषध असतं, ते आणि गोळ्या, दोर घरातल्या कुणाला तरी बाजूला करायला सांगायचं, फोन चालू ठेवून दुसऱ्या कुणाला तरी त्याच्याकडं पाठवायचं. जवळच्या मोठ्या सरकारी दवाखान्याची कॅज्युअल्टी रात्रभर उघडी असते, बेळगावात बिम्सचा दवाखाना आहे. काही करून बसला असेल तर १०८, ते तुम्हाला मी सांगायला नको. आणि त्याला तोंडावर सांगायचं की मी आता अमक्याला सांगतोय. पाठीमागं करायचं नाही.

केसचं म्हणाल तर २०१७ च्या त्याच कायद्याचं कलम ११५ असं म्हणतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायचं आणि शिक्षा करायची नाही, उलट त्याची काळजी घेणं, उपचार देणं ही सरकारची जबाबदारी आहे. जुन्या दंडविधानातलं ३०९ कलम १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या संहितेत तसं राहिलेलंच नाही. दवाखान्यात एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची, नोंद होते ती वेगळी, तिला घाबरून उशीर करू नका.

कुठं न्यायचं? धारवाडला डिमहान्स ही मानसोपचाराची सरकारी संस्था आहे, बेळगावहून सकाळी निघून संध्याकाळी परत. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मंगळवारी मनोचैतन्य या सरकारी योजनेची मानसोपचाराची ओपीडी असते, पण तिथं ओळखीचे भेटतील. निपाणीवाल्याला कोल्हापूरचा सीपीआर हा सरकारी दवाखाना जवळ, खानापूरवाल्याला चोर्ला घाट उतरून गोव्यात बांबोळीला मानसोपचाराची मोठी सरकारी संस्था आहे. सीमेवर राहण्याचा एवढा तरी फायदा घ्या, पलीकडं तुम्हाला कुणी ओळखत नाही.

ऐकणाऱ्यांचं पहिलं ट्रेनिंग मी घेईन, पैसे नकोत. एक अट, ऐकणाऱ्यांनी महिन्यातून एकदा माझ्याशी किंवा दुसऱ्या कुणा तज्ज्ञाशी बोलायचंच, नाव न घेता. दुसऱ्याचं ऐकून ऐकून ऐकणारा माणूस पण आतून भरत जातो आणि त्याला ते कळत नाही.

बेळगावचा_जुना_फायरमन

जागेचं मी बघतो. माझ्या घरची माडी रिकामी आहे, जिना बाहेरनं आहे, कोण आलं कोण गेलं खाली कळत नाही. सिस्टर, तुमच्यासाठी दुपारची वेळ धरूया, माझी बायको घरात असते, लोकांना दिसायला तुम्ही तिच्याकडं आलात. फायरमधले माझ्याबरोबरचे दोन रिटायर आहेत, एक कन्नडवाले, त्यांना आज संध्याकाळी विचारतो. चिकोडीवाल्या भावा, पत्राचा मसुदा तू लिही, तुला खात्याची भाषा येते. आणि निपाणीकर, ग्रुप सुरू व्हायची वाट बघू नकोस, पायलटना या रविवारी घेऊन ये माझ्याकडं. काही बोलले नाहीत तरी चालतंय, जेवून जाऊ देत.

११२_चिकोडी_साईड

मसुदा उद्यापर्यंत लिहितो. कन्नडमध्ये पण करतो, साहेब बंगळूर साईडचे आहेत. नावांची जागा कोरी ठेवतोय, इथं कुणी नाव टाकू नका.